क्लोरीन हाताळणाऱ्यांची सुरक्षितता

जुलै २०१० मध्ये मुंबईच्या शिवडी भागात, बंदरावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन वायू गळला आणि कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. पिण्याचे पाणी निर्जंतुक करणारे द्रव्य ते हेच. पाण्यात ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या मापाने मिसळतात. जलशुद्धीकरण केंद्रावरील सिलिंडरांत मात्र ते दाबाखाली, द्रवरूपात साठविलेले असते.

हा पिवळसर हिरवा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी सुरक्षिततेच्या पुष्कळ नियमांचे मर्म कळते. गळालेला वायू जमिनीलगत पसरतो व सखल जागी साचतो. आगीच्या धुरातून वाकून बाहेर पडावे, असे शाळेत शिकवितात, ते योग्यच आहे. परंतु क्लोरीनच्या गळतीत खाली वाकणे घातक ठरते. वाऱ्याचा रोख पाहून, वायूच्या मार्गातून बाजूला होऊन उंच जागा गाठावी.

दुसरी चूक पाणी ओतण्याची. गळक्या सिलिंडरवर पाणी मारल्यास क्लोरीनपासून आम्ले तयार होतात, ती धातू खातात आणि छिद्र मोठे होते. गळतीची जागा अमोनियाच्या द्रावणात भिजविलेला बोळा जवळ नेऊन शोधतात. तेथे पांढरा धूर दिसतो. छिद्र वरच्या बाजूस येईल असा सिलिंडर फिरविल्यास द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो. एक लिटर द्रवाचा सुमारे साडेचारशे लिटर वायू होत असल्याने हा फरक लहान नव्हे. मात्र हे काम श्वसनसंच चढविलेल्या प्रशिक्षित माणसांचे आहे, तोंडाला उपरणे गुंडाळून करण्याचे नव्हे.

लहान गावात सिलिंडर नसतो, ब्लीचिंग पावडर असते. म्हणून तेथे धोका नाही, असा समज आहे. या पावडरीचा आम्लाशी संबंध आला की क्लोरीनच बाहेर पडतो. तरीही संडास धुण्याचे आम्ल आणि ही पावडर एकाच कोपऱ्यात ठेवलेली आढळते. द्रावण करताना पावडर पाण्यात घालावी, पावडरीवर पाणी ओतू नये. आणि हे काम बंद खोलीत न करता उघड्यावर करावे. दमट जागी पावडरीचा जोर ओसरतो व पाणी नीट निर्जंतुक होत नाही, ते निराळेच.

भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात सुधारणा होऊन, धोकादायक द्रव्यांची माहिती कामगारांस देण्याचे बंधन कारखान्यांवर आले. गावचा पाणीपुरवठा कर्मचारी मात्र पुष्कळदा एकटाच, भल्या पहाटे, उघड्या हातांनी पावडर कालवीत असतो. त्याच्यासाठी हातमोजे व चष्मा घेण्याचा ठराव ग्रामपंचायतीच्या येत्या मासिक सभेतही करता येईल.