पन्नास व्हायोलिन आणि एक वस्ती
प्राथमिक शाळेतील संगीतवर्ग लोकांच्या बळावर कसा उभा राहतो?

शाळेच्या अंदाजपत्रकाला कात्री लावण्याची वेळ आली, की ती सर्वप्रथम कोणत्या विषयावर चालते, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नसते. गणित, भाषा आणि विज्ञान यांना हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही. संगीत, चित्रकला आणि खेळ मात्र ‘पुढे पाहू’ या रकान्यात जाऊन बसतात आणि ते ‘पुढे’ बहुधा कधी उगवतच नाही. न्यूयॉर्क शहरातील ईस्ट हार्लेम या वस्तीत १९९१ साली नेमके हेच घडले. तेथील सरकारी प्राथमिक शाळांमध्ये दहा वर्षे चाललेला व्हायोलिनचा वर्ग निधीअभावी बंद करण्याचा निर्णय झाला. फरक एवढाच, की तेथील पालकांनी आणि शिक्षिकेने तो मुकाट्याने मान्य केला नाही. पुढे जे घडले त्यावर माहितीपट निघाला, हॉलीवूडचा चित्रपटही निघाला. परंतु पडद्यावरील कथेपेक्षा त्यामागील व्यवस्था समजून घेणे अधिक उपयुक्त आहे. कारण हा प्रश्न केवळ न्यूयॉर्कचा नाही.

पन्नास वाद्यांची पुंजी

या कथेच्या केंद्रस्थानी आहेत रॉबर्टा ग्वास्पारी. न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी १९४७ साली जन्मलेल्या ग्वास्पारी यांनी संगीतशिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. पती नौदलात असल्याने त्यांचे काही काळ ग्रीसमध्ये वास्तव्य होते. तेथे असताना त्यांनी मुलांना शिकविण्यासाठी पन्नास व्हायोलिन विकत घेतले. संसार मोडला तेव्हा पदरी दोन लहान मुलगे आणि हाताशी ही पन्नास वाद्ये, एवढीच त्यांची पुंजी होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या ईस्ट हार्लेममध्ये आल्या.

‘एल बारिओ’ या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती प्रामुख्याने पोर्तो रिकोहून आलेल्या आणि कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबांची होती. दारिद्र्य, अमली पदार्थ आणि गुन्हेगारी यांसाठीच तिचे नाव वृत्तपत्रांत येत असे. त्यातच १९७५ च्या आर्थिक संकटात न्यूयॉर्क महापालिकेने हजारो शिक्षकांना घरी पाठविले होते आणि कलाशिक्षकांना त्याची मोठी झळ बसली होती. मात्र याच वस्तीत शिक्षणतज्ज्ञ डेबोरा मायर यांनी १९७४ साली सेंट्रल पार्क ईस्ट ही वेगळ्या धाटणीची सरकारी शाळा सुरू केली होती. ग्वास्पारी यांच्या व्हायोलिनवर्गाला तेथे जागा मिळाली आणि नंतर तो परिसरातील आणखी शाळांत पोहोचला. शिकू इच्छिणारी मुले अधिक आणि जागा कमी, अशी स्थिती लवकरच आली. तेव्हा प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत सुरू झाली. गुणवत्ता चाचणी नाही, शिफारस नाही, घरच्या परिस्थितीची चौकशी नाही. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या हाती व्हायोलिन.

ही पद्धत वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाची ‘सांगीतिक गुणवत्ता’ मोजायची म्हटली, तर प्रत्यक्षात घरातील संस्कार आणि सुबत्ताच मोजली जाते. चिठ्ठीमुळे निदान तो दोष टळतो.

तंतुवाद्यच का?

प्राथमिक शाळेसाठी व्हायोलिन कुळातील वाद्ये निवडली जातात, त्याला व्यावहारिक कारणे आहेत. ही वाद्ये लहान मापांत मिळतात. पूर्ण, तीन-चतुर्थांश, अर्धे, पाव, एक-अष्टमांश, एक-षोडशांश अशी मापे प्रचलित आहेत. ही नावे शब्दशः घ्यायची नसतात. पूर्ण मापाच्या व्हायोलिनच्या पेटीची लांबी सुमारे १४ इंच असते, तर ‘अर्ध्या’ मापाची साडेबारा इंचांच्या आसपास. मुलाचा हात वाढत जातो तसे वाद्य बदलावे लागते. एकेका कुटुंबाने दर दोन वर्षांनी नवे वाद्य घ्यायचे ठरविले, तर ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. शाळेकडे किंवा संस्थेकडे वाद्यांची सामाईक पेढी असेल, तर मात्र मोठ्या मुलाने परत केलेले वाद्य धाकट्याच्या हाती जाते आणि तेच लाकूड वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत राहते. खर्च उरतो तो तारा, गजाचे केस, राळ आणि किरकोळ दुरुस्ती यांचा. सर्वांत मोठा आणि दरमहा येणारा खर्च असतो शिक्षकाच्या वेतनाचा.

दुसरे कारण शिकविण्याच्या पद्धतीत आहे. जपानचे शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, मात्सुमोतो शहरात व्हायोलिनचे शिक्षण नव्या विचाराने सुरू केले. मूल मातृभाषा शिकते ती आधी ऐकून, मग बोलून आणि सर्वांत शेवटी वाचून. संगीतही त्याच क्रमाने शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ ऐकणे, समूहात वाजविणे, रोजचा सराव आणि वर्गात आई किंवा वडिलांची उपस्थिती, ही या पद्धतीची अंगे. सुझुकी यांच्या बालविद्यार्थ्यांचा चमू १९६४ साली अमेरिकेत जाऊन आला आणि त्यानंतर तेथे ही पद्धत झपाट्याने पसरली. आपल्याकडील गुरुमुखी विद्येशी परिचय असलेल्या वाचकाला यातील ‘आधी कान, मग कागद’ हे सूत्र परके वाटणार नाही.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी स्वर बेसूर होतो आणि तो बेसूर झाल्याचे ओळखण्यासाठी स्वतःचा कानच तयार करावा लागतो. म्हणूनच हे वाद्य सुरुवातीला मुलांची आणि घरच्यांचीही कसोटी पाहते. पहिले काही महिने निघतो तो आवाज सहन करणे, हेदेखील पालकांचे एक योगदानच मानायला हवे.

कात्री आणि कार्नेगी

अमेरिकेत शाळांचा खर्च प्रामुख्याने राज्य आणि स्थानिक करांतून भागविला जातो. केंद्र सरकारचा वाटा साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो. स्थानिक उत्पन्नाचा मोठा भाग मालमत्ता करातून येतो. त्यामुळे मंदी आली, किंवा १९७८ साली कॅलिफोर्नियात झाले त्याप्रमाणे मतदारांनीच मालमत्ता करावर मर्यादा घातली, की त्याचा फटका थेट वर्गखोलीला बसतो. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली अशीच तूट भरून काढताना ग्वास्पारी यांचा वर्ग रद्द झाला. तेव्हा दीडशेच्या आसपास मुले त्यांच्याकडे शिकत होती.

पालक, माजी विद्यार्थी आणि हितचिंतक यांनी एकत्र येऊन ‘ओपस ११८’ ही सेवाभावी संस्था उभी केली. ग्वार्नेरी चतुष्टयाचे व्हायोलिनवादक अर्नोल्ड स्टाइनहार्ट आणि त्यांच्या छायाचित्रकार पत्नी डोरोथिया फॉन हेफ्टन हे दाम्पत्य पाठीशी उभे राहिले. स्टाइनहार्ट यांच्या शब्दाखातर इतर नामवंत वादकही पुढे आले आणि १९९३ साली कार्नेगी हॉलमध्ये ‘फिडलफेस्ट’ हा मदतनिधी कार्यक्रम झाला. आयझॅक स्टर्न आणि इत्झाक पर्लमन यांच्यासारख्या दिग्गजांच्या शेजारी उभी राहून हार्लेमची मुले वाजवू लागली. यातील एक योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. १८९१ साली उभारलेली ही वास्तू १९६० मध्ये पाडली जाणार होती. ती वाचविण्यासाठी नागरिकांची मोहीम उभारणारे स्टर्नच होते. लोकांनी वाचविलेल्या सभागृहात लोकांनी वाचविलेला वर्ग वाजत होता.

दिग्दर्शक ॲलन मिलर यांच्या ‘स्मॉल वंडर्स’ (१९९५) या माहितीपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यावरून वेस क्रेव्हन यांनी १९९९ साली ‘म्युझिक ऑफ द हार्ट’ हा चित्रपट केला आणि ग्वास्पारी यांच्या भूमिकेसाठी मेरिल स्ट्रीप यांनाही ऑस्कर नामांकन लाभले.

लोकाश्रयाचे गणित

अशा उपक्रमाचा आधार एकाच खांबावर नसतो, हे यातून दिसते. शाळा वर्गखोली आणि वेळापत्रकातील तास देते. संस्था वाद्ये आणि शिक्षकाचे वेतन यांची तजवीज करते. देणगीदाराला करसवलत मिळते. पालक वाद्यांची ने-आण, कार्यक्रमांची व्यवस्था आणि निधिसंकलन सांभाळतात. नामवंत कलावंत आपले नाव आणि एक संध्याकाळ देतात. यांपैकी एक खांब डळमळला तरी बाकीचे काही काळ तोलून धरतात.

मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सधन वस्तीतील पालकसंघाला एका संध्याकाळी जेवढा निधी जमविता येतो, तेवढा गरीब वस्तीतील पालकांना वर्षभरातही जमत नाही. प्रत्येक वस्तीला ग्वास्पारी लाभत नाहीत आणि प्रत्येक शिक्षिकेच्या मदतीला स्टर्न धावून येत नाहीत. शिवाय, लोक पैसे उभे करतात असे दिसले, की शासनाला आपली जबाबदारी झटकण्यास सबब मिळते. लोकाश्रय हा शासनाच्या तरतुदीला जोड असावा, पर्याय नव्हे, असा आग्रह शिक्षणक्षेत्रातून धरला जातो, तो याच कारणाने.

‘संगीत शिकल्याने मुले हुशार होतात’ असा युक्तिवाद निधी मागताना नेहमी केला जातो. तो जपून करायला हवा. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षांच्या मुलांवर काही आठवड्यांच्या संगीतवर्गाचा बौद्धिक क्षमतेच्या दृष्टीने खात्रीलायक परिणाम आढळला नाही. याउलट, लॉस एंजेलिसमध्ये गरीब वस्त्यांतील मुलांना विनामूल्य संगीत शिकविणाऱ्या ‘हार्मनी प्रोजेक्ट’मधील मुलांचा अभ्यास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, बोलण्यातील मिळतेजुळते ध्वनी वेगळे ओळखण्याची मेंदूची क्षमता दोन वर्षांच्या शिक्षणानंतर सुधारल्याचे दिसले. एका वर्षानंतर मात्र तसा फरक दिसला नव्हता. धोरणकर्त्यांसाठी यातील धडा स्पष्ट आहे. वर्ग एक वर्ष चालवून बंद करणे म्हणजे खर्च करूनही फळ न घेणे होय. सातत्य हाच अशा उपक्रमाचा प्राण आहे आणि अंदाजपत्रकाची कात्री नेमकी त्याच्यावरच चालते.

गोव्याची जुनी शाळा

मुलांच्या हाती व्हायोलिन देण्याची आणि त्याचा भार समाजाने उचलण्याची परंपरा आपल्या शेजारीच, गोव्यात, कितीतरी जुनी आहे. पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयाने ‘एस्कोला पारोकियाल’ म्हणजे धर्मपरिसराच्या शाळा चालत. अक्षरओळखीबरोबरच तेथे स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. पण त्यातून घडलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा कणा ठरले. शंकर-जयकिशन यांचे संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिनचे धडे दिले. गुरूच्या या नावाला ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटाने घरोघरी पोहोचविले.

त्या शाळा काळाच्या ओघात ओसरल्या. तथापि, इंग्लंडहून गोव्यात परतलेले डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ स्थापन करून वंचित घरांतील मुलांना व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो शिकविण्यास आरंभ केला. त्यांना प्रेरणा मिळाली ती दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोच्या ‘बसकेड’ या उपक्रमातील वादकांचा लंडनमधील २००७ चा कार्यक्रम ऐकून. या उपक्रमाची सुरुवातही लोकाश्रयाचीच. १९९२ साली व्हायोलावादक रोझमेरी नाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील रेल्वेस्थानकांवर उभे राहून वाजविले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून सोवेटोच्या मुलांसाठी पैसे गोळा केले होते.

आपल्या शाळांचे काय?

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कलाशिक्षणाच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद त्या अनुसूचीत नाही. म्हणजे कान तयार होण्याचे जे वय सुझुकींनी सर्वांत महत्त्वाचे मानले, त्याच वयात सरकारी शाळेतील मुलाला स्वतंत्र संगीतशिक्षक मिळण्याची हमी कायदा देत नाही. खासगी शिकवणीचे शुल्क भरू शकणाऱ्या घरांना याची झळ बसत नाही. इतरांच्या मुलांच्या वाट्याला स्नेहसंमेलनापुरते समूहगीत येते.

व्हायोलिनच हवे असा याचा अर्थ नव्हे. गावात भजनी मंडळ आहे, देवळात पेटी आहे, एखादे सेवानिवृत्त गुरुजी मुलांना शिकवायला राजी आहेत. शाळेने आठवड्याचे दोन तास दिले, व्यवस्थापन समितीने वाद्यांची सामाईक पेढी उभी केली आणि मानधनाची निदान दोन-तीन वर्षांची तजवीज आधीच करून ठेवली, तर वर्ग सुरू होऊ शकतो. यातील शेवटची अट सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक आहे. ईस्ट हार्लेमचा वर्ग वाचला तो केवळ एका रात्रीच्या कार्यक्रमामुळे नव्हे. त्याआधीची दहा वर्षे रोज सकाळी वाद्यपेटी घेऊन शाळेत जाणारी मुले त्या वस्तीने पाहिली होती. काय गमावणार आहोत, हे पालकांना नेमके ठाऊक होते.