घड्याळाने न होणारे निदान

शिंदेशाहीच्या काळापासून उज्जयिनीत नांदत आलेल्या मराठी घराण्यांपैकी ज्यांची बिऱ्हाडे आज माधव नगरात आहेत, त्यांना एक फिर्याद पुण्या-नागपुरातील आप्तांइतकीच परिचित असेल: मुलगा मध्यरात्र उलटेपर्यंत मोबाइलवर गेम खेळतो, हाकेला ओ देत नाही, आणि फोन काढून घेतला तर घर डोक्यावर घेतो, तेव्हा हे व्यसनच नव्हे काय? चिंता रास्त आहे. परंतु या प्रश्नात फिर्याद आणि फैसला एका दमात उरकले जातात, आणि वैद्यकशास्त्राची हरकत आहे ती नेमकी या घाईला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अकराव्या रोगवर्गीकरणास मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि जे १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आले, त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराची नोंद जुगाराच्या विकाराशेजारी झाली आहे. त्याची लक्षणे तीन: खेळणे केव्हा आरंभावे आणि केव्हा थांबवावे यावरील ताबा सुटणे, अन्य आवडी आणि नित्यकर्मे यांहून खेळाला उत्तरोत्तर अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान प्रत्यक्ष दिसत असताही तो चालूच राहणे किंवा वाढणे. शिवाय कुटुंब, शिक्षण, नोकरी वा लोकव्यवहार यांची लक्षणीय हानी झालेली असावी, आणि हा क्रम साधारणतः बारा महिने टिकलेला असावा. लक्षणे अतितीव्र असतील तरच ही मुदत कमी धरता येते. या व्याख्येत तासांचा आकडा कोठेही नाही. सुट्टीत दिवसभर खेळून शाळा उघडताच पूर्ववत अभ्यासाला लागणारा मुलगा रोगी ठरत नाही. उलट त्याहून कमी वेळ खेळणारा, पण त्या खेळापायी परीक्षा बुडवणारा, मित्र गमावणारा आणि मनातून थांबावेसे वाटूनही थांबू न शकणारा मुलगा तपासणीस पात्र ठरतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली नऊ निकष सुचविले आणि बारा महिन्यांत त्यांतील किमान पाच आढळावेत असे ठरविले. मात्र हा विकार तिने अधिक संशोधनाची आवश्यकता असलेल्या विषयांतच ठेवला. खेळाविषयी खोटे बोलणे हा त्यांपैकी एक निकष. पण ज्या घरात खेळण्यालाच सक्त मनाई आहे तेथे मूल खोटे बोलणारच, आणि ते खोटे विकाराचा पुरावा समजावे की वडिलांच्या धाकाचा, हे निकषांची यादी सांगू शकत नाही. जागतिक संघटनेच्या तीन लक्षणांत त्याचा समावेश नाही.

पोंटेस आणि ग्रिफिथ्स यांनी २०१५ मध्ये सिद्ध केलेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली, जिची बेरीज ९ पासून ४५ पर्यंत जाते, ही केवळ चाळणी आहे. तीत अडकलेल्या प्रत्येकाला रोगी ठरविणे अन्यायाचे होईल. मोजणीची रीत बदलली की संख्याही बदलते: जगभरातील पाहण्यांच्या २०२१ मधील एकत्रित अभ्यासात विकाराचे प्रमाण सुमारे तीन टक्के निघाले, आणि नमुन्याची निवड काटेकोरपणे केलेल्या पाहण्याच जमेस धरल्या तेव्हा ते दोन टक्क्यांच्या आसपास आले.

म्हणूनच अंतिम भिस्त तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष मुलाखतीवर असते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत २०१४ पासून आणि दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २०१६ पासून अशा वर्तनव्यसनांसाठी स्वतंत्र चिकित्सालये चालतात. चांगला चिकित्सक मुलाची जबानी एकांतात घेतो, पालकांची निराळी घेतो, झोप, भूक, मैत्री आणि अभ्यास यांतील बदलांचा कालक्रम लावतो, आणि उदासीनता, भीती किंवा अवधानाचा विकार खेळाच्या आधीपासून होता काय, याचा कसून तपास करतो. कारण शाळेतील छळाला वा घरातील कलहाला कंटाळून ज्याने खेळाचा आश्रय घेतला, त्याचा फोन जप्त केल्याने आश्रय तेवढा जातो, दुःख जागच्या जागी राहते.

माधव नगरातील पालकाला बंगळुरू दूर असले, तरी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे बोलण्यापूर्वी, मुलगा किती तास खेळला याच्या हिशेबाऐवजी, गेल्या वर्षभरात त्याने काय काय सोडले आणि ते केव्हा सोडले, याची टिपणे मुलाला विश्वासात घेऊन केली, तर तज्ज्ञाचे निम्मे काम हलके होते आणि मुलालाही आपली बाजू मांडण्याची संधी मिळते.