घरच्या साच्यातले गाडीचे भाग

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाजवळ मे महिन्यात काचा बंद करून गाडी उभी करा आणि तासाभराने डॅशबोर्डला हात लावून पाहा. गाडीचे प्लास्टिकचे भाग घरी बनवण्याचा छंद असेल, तर सामान निवडायचे ते या उन्हाकडे बघून.

थ्रीडी प्रिंटरवर सर्वांत सोपे प्लास्टिक म्हणजे पीएलए. पण ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि उन्हातला डॅशबोर्ड त्यापुढे सहज जातो. पीईटीजी साधारण 80 अंशांपर्यंत तग धरते, एबीएस 100 पर्यंत. एएसए आणखी बरे. ते उन्हाने लवकर पिवळे पडत नाही.

प्रिंटर नसला तरी अडत नाही. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी केव्हाच बंद झाली. अशा गाडीचे एखादे बटण तुटले, की तुकडे चिकटवायचे, फटी पुट्टीने भरायच्या, पॉलिश पेपरने घासायचे. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्यात दोन द्रवांचे पॉलियुरेथेन रेझिन ओतायचे. ते काही मिनिटांतच घट्ट होते, म्हणून मिसळताना गप्पा नकोत! हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, कारण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा उद्भवू शकतो. नवशिक्यांची खरी डोकेदुखी म्हणजे बुडबुडे. बारीक धारेने ओतले तर ते कमी होतात.

बटणे, क्लिपा, झाकणे, स्पीकरची जाळी इथवर हा छंद छान. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि इंधनाची नळी यांना मात्र घरचा भाग लावू नका.