बेचाळीस ऐकले, चोवीस लिहिले

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी १९९२ साली तपासनीस म्हणून लागलो. शिक्षण आयटीआय. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर लेथचे काम झाले की त्याचे बोअर गेज लावून मोजायचे. एकाने डायल पाहून आकडा सांगायचा, दुसऱ्याने तक्त्यात लिहायचा. ठरलेल्या मापापेक्षा तीस मायक्रॉन जास्त चालत. त्यापुढचा नग बाद. नग नंबराप्रमाणे रांगेत ठेवलेले असत आणि बाद नग काढायचे काम सकाळी तक्ता पाहून होई.

एका रात्रपाळीत साथीदाराने ‘बेचाळीस’ म्हटले आणि मी २४ लिहिले. त्याच पाळीत असे तीन वेळा झाले. तीन बाद नग पास होऊन गिऱ्हाइकाकडे गेले, आणि तिथून अख्खा लॉट परत आला. सुपरवायझर म्हणाले, “डोळं हाईत का बटनं?” चार दिवसांचा पगार गेला. मीही मान खाली घालून मान्य केले की माझे लक्ष नव्हते.

आमच्याच पाळीत गोकाककडचा एक ऑपरेटर होता. मराठी चांगली बोलायचा, पण तक्ता लिहायला बसला की ऐकलेला आकडा ओठांतल्या ओठांत कन्नडमध्ये पुटपुटायचा, “नलवत्तेरडु”, आणि मगच लिहायचा. वेळ लागायचा म्हणून आम्ही त्याची थट्टा करत असू. त्याच्या तक्त्यात अदलाबदल झालेली मात्र मला आठवत नाही. एका माणसाच्या आठवणीवर सिद्धान्त उभा राहत नाही, हे मला कळते. पण त्या पुटपुटण्यानेच मला भाषाविज्ञानाच्या वाटेला लावले. सुट्टीच्या दिवशी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायची सवय लागली, ती आजतागायत आहे.

नलवत्तेरडु म्हणजे चाळीस-दोन. आधी दशक, मग एकक. अंक लिहितानाही आपण आधी ४ लिहितो, मग २. कन्नड माणसाचा कान आणि हात एकाच दिशेने चालतात. मराठीत बेचाळीस म्हणजे दोन-चाळीस. कानावर आधी ‘बे’ पडतो, हात २ कडे धावतो, आणि ‘चाळीस’ येईपर्यंत त्याला थोपवून धरावे लागते. हा क्रम संस्कृतपासून चालत आला आहे. शंभराच्या पुढे आणखी गंमत होते. ‘एकशे बेचाळीस’ म्हणताना आपण आधी शतक सांगतो, मग उडी मारून एकक आणि मग मागे येऊन दशक.

त्यात झिजलेल्या रूपांची भर. दोन हा अंक बावीसमध्ये ‘बा’, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याण्णवमध्ये ‘ब्या’ होतो. पन्नासचे बावन्नमध्ये ‘वन्न’ होते, त्रेपन्नमध्ये ‘पन्न’. एकोणपन्नास ऐकून ४९ लिहायचे असते, पण त्या शब्दात ना चार आहे ना नऊ. पन्नासला एक कमी, असे मनात करावे लागते. मराठी मुलाला शंभरापर्यंतची जवळजवळ सगळी नावे एकेक करून पाठ करावी लागतात.

प्रश्न असा की, या नावांचा विचारावर परिणाम होतो का? की विचार वेगळा चालतो आणि भाषा त्याला नुसता सदरा घालते?

या प्रश्नाशी जोडले गेलेले सर्वांत प्रसिद्ध नाव बेंजामिन ली व्होर्फ यांचे. ते कारखान्यांच्या जगातले गृहस्थ होते, म्हणून मला जवळचे वाटतात. शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचे, नोकरी अमेरिकेतल्या हार्टफर्ड अग्निविमा कंपनीत. आग का लागली, हे तपासणे हे त्यांचे काम. भाषेचा अभ्यास त्यांनी नोकरी सांभाळून केला, पुढे येल विद्यापीठात एडवर्ड साफीर यांच्याकडे शिकले आणि १९४१ मध्ये अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांनी नोंदवलेले एक निरीक्षण शिरोलीतल्या कुणालाही पटेल. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र बिनधास्त विडी ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ असते आणि तीच अधिक भडका घेते. व्होर्फ म्हणाले, ‘रिकामे’ या शब्दाने माणसाला फसवले.

आमच्याकडेही थिनरच्या ‘रिकाम्या’ बॅरलला गॅस कटर लावू नका, असे नव्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पण इथे एक शंका घेता येते आणि अभ्यासकांनी ती घेतलीही. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. मग फसवले कुणी, शब्दाने की डोळ्यांनी? व्होर्फ यांचे सगळेच दावे टिकले नाहीत. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाची कल्पनाच आपल्यासारखी नाही, असे ते म्हणत. एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये होपी भाषेतल्या कालवाचक शब्दांचा आणि रूपांचा जाडजूड ग्रंथच समोर ठेवला. दरम्यान नोम चॉम्स्की यांच्या प्रभावाने सर्व भाषांच्या मुळाशी असलेल्या समान रचनेकडे लक्ष वळले होते. भाषा विचाराला कोंडून ठेवते, हे मत जवळपास निकालात निघाले.

त्यानंतर प्रश्न लहान करून विचारला जाऊ लागला: कोणत्या कामात, किती आणि कसा फरक पडतो? संख्या इथे सोयीच्या ठरल्या, कारण उत्तर बरोबर की चूक हे मोजता येते.

ब्राझीलमधल्या पिराहा जमातीच्या भाषेत नेमक्या संख्यांसाठी शब्द नाहीत. २००४ मध्ये पीटर गॉर्डन यांनी, आणि २००८ मध्ये मायकेल फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांच्यासोबत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. फ्रँक यांच्या प्रयोगात दोऱ्याची रिळे समोर मांडली की पिराहा माणसे तितकेच फुगे अचूक मांडत. रिळे झाकली, किंवा एकेक करून डब्यात टाकली, की मोठ्या संख्यांना उत्तर चुके. ‘तितकेच’ ही कल्पना त्यांच्याकडे आहे. ती नजरेआड टिकवून धरायला लागणारा शब्द नाही. दुसरा प्रयोग १९९९ मधला, स्तानिस्लास देहान, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांचा. रशियन आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्यांना एका भाषेत नवी गणिते शिकवली. नेमके उत्तर दुसऱ्या भाषेत द्यायला त्यांना जास्त वेळ लागला. अंदाजे उत्तराला मात्र भाषा बदलल्याने फरक पडला नाही. गोकाकचा आमचा माणूस हिशेब कन्नडमध्ये का करायचा, याचे उत्तर मला इथे मिळाले.

आणि माझ्या २४-४२ चे उत्तर ऑस्ट्रियात सापडले. जर्मनमध्येही मराठीसारखेच ‘दोन-आणि-चाळीस’ म्हणतात. तिथल्या पहिलीच्या मुलांना आकडे सांगून लिहून घेतले, तेव्हा झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या अदलाबदलीशी संबंधित होत्या. हा अभ्यास २००९ मधला. पण जर्मन मुले आणि दुसऱ्या देशातली मुले यांच्यात भाषेखेरीज इतरही फरक असणार: शाळा वेगळ्या, शिक्षक वेगळे. तो आक्षेप चेक भाषेने दूर केला. चेकमध्ये वीस-पाच आणि पाच-वीस अशी दोन्ही रूपे रोजच्या वापरात आहेत. त्याच मुलांना दोन्ही प्रकारे आकडे सांगितले. उलट रूप ऐकून लिहिताना चुका वाढल्या आणि अदलाबदल प्रामुख्याने तिथेच आढळली. मूल तेच, डोके तेच. बदलला तो फक्त शब्दाचा क्रम.

हे वाचून झाले तेव्हा सुपरवायझरांचे ते वाक्य मला पुन्हा आठवले. चूक माझ्या हातून झाली हे खरेच. पण ज्या जागी ती झाली, ती जागा निसरडी होती, आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते.

हाच विषय जून २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढे ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले होते. जुनी नावेही सोबत होती. समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात. दक्षिणेतल्या भाषांत आणि इंग्रजीत ही अडचण तितकी नाही. त्यावर विनोदांचा पाऊस पडला, विधानसभेतही चर्चा झाली. आमच्या चहाच्या टपरीवरही ‘मराठी बुडवायला निघालेत’ हाच सूर होता. मी तेव्हा गप्प बसलो, याची मला आज खंत वाटते.

नॉर्वेत हा प्रश्न टेलिफोनमुळे आला. फोन नंबर सांगताना चुका होतात, म्हणून टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि १९५१ पासून सरकारी व्यवहारात आणि शाळांत ‘पाच-आणि-वीस’ऐवजी ‘वीस-पाच’ आले. जुने रूप मेले नाही. घराघरांत ते पुढेही दशकानुदशके ऐकू येत राहिले. आपणही फोन नंबर सांगताना नकळत इंग्रजी अंकांवर जातोच. तिथे कुणाला भाषा बुडाल्यासारखे वाटत नाही.

विरोधकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठीची संख्यानामे सगळीकडेच अवघड नाहीत. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे अपूर्णांक आपले मूल शाळेत जाण्याआधी बाजारात शिकते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी पाठ केली होती. शिरोलीत मी असे जुने मिस्त्री पाहिले आहेत की, कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्यांचे ‘अठरा दीडे सत्तावीस’ म्हणून झालेले असे. भाषा इथे डोक्याचे ओझे वाढवते आणि तिथे कमी करते. ती हत्यारासारखी आहे; कुठल्या कामाला कुठला पाना हाताला बसतो, हे पाहावे लागते.

म्हणून बेचाळीस हा शब्द टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. त्यात शतकांची झीज आहे आणि ती मला प्रिय आहे. पण सात वर्षांच्या मुलाला अंक लिहायला शिकवताना ‘चाळीस दोन म्हणजे बेचाळीस’ असा एक हात दिला, तर मराठीचे काय जाते?

आमच्या गल्लीत एका फाउंड्री कामगाराची मुलगी दुसरीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिची वही माझ्याकडे आली. ३६ च्या जागी ६३, ५२ च्या जागी २५, आणि खाली लाल शाईत शेरा: लक्ष नाही. वडील म्हणाले, “गणितात कच्चीच हाय ती, मामा.” मी तिला जवळ बसवले. म्हटले, “बाळ, आकडा पूर्ण ऐकायचा, हात तोवर मांडीवर ठेवायचा. मग मनात म्हणायचं, तीस सहा. आणि मग लिहायचं.” वीस आकडे सांगितले. पहिल्या पाचांत दोन चुकले, नंतरच्या पंधरांत एकही नाही. शेवटचा मी मुद्दामच बेचाळीस सांगितला. तिचे ओठ हलले, आणि तिने ४२ लिहिले.