कापसाच्या वाटेनं मुंबई

बोरी अरबचा माणूस मुंबईला फिरायला म्हणून क्वचितच जातो. तो कामानं जातो. मंत्रालयात फाइल अडकलेली असते, परळच्या टाटा रुग्णालयात घरचं कुणी भरती असतं, नाहीतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर माथा टेकवायचा असतो. आमदार निवासात चौघापाचजणांची एका खोलीत पथारी, सकाळी पासासाठी रांग, दुपारी कळतं की साहेब मीटिंगला गेले, आणि रात्री परतीची विदर्भ एक्स्प्रेस. गावात आल्यावर कुणी विचारलं की मुंबईत काय पाहिलं, तर उत्तर ठरलेलं: गेटवे, समुद्र आणि एखाद्या नटाचा बंगला, तोही फाटकाबाहेरून.

हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. मुंबईत पाहण्यासारखं काय आहे याच्या याद्या पुष्कळ छापून येतात, पण त्या कुठल्याही गावच्या माणसाला सारख्याच लागू पडतात. अडाण नदीकाठच्या, दारव्हा तालुक्यातल्या, सीतादही करून वेचणीला लागणाऱ्या माणसासाठी मुंबईत एक वेगळी वाट आहे, आणि ती कापसाची आहे. ज्या इमारतींपुढे उभं राहून आपण फोटो काढतो त्यातल्या कितीतरी कापसाच्या पैशानं उभ्या राहिल्या. तो कापूस गुजरातचा होता, खानदेशचा होता, तसा वऱ्हाडचाही होता. त्या पैशातलं कास्तकाराच्या हाती किती लागलं हा प्रश्न वेगळा, आणि तो आजही सुटलेला नाही. म्हणूनच ही वाट पाहुण्यासारखी नाही, हिस्सेदारासारखी चालावी.

वाटेची सुरुवात आपल्याच तालुक्यात होते. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, आपली शकुंतला, कारंजा-दारव्ह्यावरून जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश कंपनीनं ती टाकली ती माणसांच्या सोयीसाठी नव्हे. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठी मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर पोचवायच्या आणि तिथून मुंबईच्या गोदीत, हा तिचा उद्देश. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. आता गाडी बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, पण मुंबईला जायचं तर आपल्याला अजून धामणगाव, बडनेरा किंवा मूर्तिजापूर गाठावं लागतंच.

सकाळी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते, आणि तिथून लगेच टॅक्सी धरणं ही पहिली चूक. पिशव्या क्लोकरूममध्ये टाका, बाहेर या आणि रस्ता ओलांडून समोरच्या बाजूनं या इमारतीकडे तोंड करून उभे राहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थापत्यकारानं आखलेलं हे काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि संपायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. घुमट सगळे बघतात. तुम्ही त्रिकोणी शिखरांवरची शिल्पं बघा. त्यात व्यापार आहे, अभियांत्रिकी आहे, आणि शेतीही आहे. रेल्वे कंपनीला आपली कमाई कुठून येते ते चांगलं माहीत होतं. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली आहेत. त्यातलं पुष्कळ काम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी सुटली. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, आणि पुढच्या वीस वर्षांत रुळांनी नागपूर, अमरावती, खामगाव गाठलं. या दोन गोष्टी शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकवतात, पण त्या एकत्रच वाचायला हव्यात.

तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर हॉर्निमन सर्कल. मधोमध गोल बाग, भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती, जुनी झाडं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात इथं मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग लागलेले असायचे. १८४४ मध्ये बाजार कुलाब्याला हलला, मग या मैदानाचं सर्कल झालं. समोर रुंद पायऱ्यांचा टाउन हॉल आहे, १८३३ मध्ये पूर्ण झालेला. त्यातच एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसावं. एके काळी शेअरदलाल इथल्याच वडाखाली जमत. पुढे त्यांचीच संस्था, म्हणजे शेअर बाजार, झाली; ती जवळच दलाल स्ट्रीटवर आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण ती कळली की सगळी दक्षिण मुंबई उलगडते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग इंग्लंडनं हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा, लिव्हरपूलच्या बाजारात तो अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जायचा आणि एरवी त्याला कमी लेखत. आता तोच चढ्या भावानं उचलला जाऊ लागला. चार वर्षं मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरवर सट्टा लागला. किल्ल्याचे तट याच काळात पाडले गेले. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, ऐन तेजीतलं. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई संपत आली तसा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे फेडायचा दिवस होता. त्या दिवशी मोठमोठ्या पेढ्या बसल्या.

या तेजी-मंदीचा नायक प्रेमचंद रायचंद. कापसाचा आणि शेअरचा राजा, मंदीत तोही बुडाला. पण त्याआधी त्यानं विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी देणगी दिली होती आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यायला सांगितलं होतं. तो राजाबाई टॉवर. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं इंग्लंडात बसून आराखडा केला, काम १८६९ ते १८७८ चाललं. उंची २८० फूट. ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत जा आणि मान वर करून कोनाड्यांतल्या मूर्ती शोधा. त्या देवांच्या नाहीत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या आहेत, आपापल्या पोशाखातल्या. पागोट्याची घडी, अंगरख्याचा घेर, सगळं दगडात. मनोऱ्यावर चढता येत नाही याची खंत नको, खालून दिसतं ते पुरेसं आहे. मैदानाच्या एका अंगाला ही गॉथिक रांग, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, आणि दुसऱ्या अंगाला १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती. हा सगळा भाग २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. एक मैदान, दोन काळ, आणि मध्ये क्रिकेट खेळणारी पोरं. पैसा न खर्चता मुंबईत यापेक्षा चांगला तास घालवता येईल असं मला वाटत नाही.

गेटवेबद्दल फार लिहीत नाही. जॉर्ज विटेटची ती कमान १९२४ मध्ये पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालून बोटीत बसली, एवढं लक्षात ठेवून जा. जवळच विटेटनंच बांधलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्याला मात्र निदान अर्धा दिवस द्यावा. मुलं बरोबर असतील तर भायखळ्याची राणीची बाग, आणि तिच्या दारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ ची ती इमारत लहान आहे, पण आत बारा बलुतेदारांची, कारागिरांची मातीची छोटी मॉडेल्स आहेत. आपल्या आजोबांच्या काळची अवजारं मुलांना तिथं बोट दाखवून सांगता येतात. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगिजांनी एलिफंटा हे नाव दिलं ते याच हत्तीमुळे.

मंत्रालयात आपण जातोच. तिथं रांगेत उभं असताना हेही आठवावं की पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत इथून राज्य चालवत होते, आणि त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिच्या गुणदोषांवर आपल्याकडे अजून पारावर भांडणं होतात. पण कापसाच्या भावाचा निर्णय व्यापाऱ्यांकडून उचलून सरकारच्या दारी आणण्याचा तो प्रयत्न होता. दलाल स्ट्रीटकडून मंत्रालयाकडे चालत येताना हुतात्मा चौक मध्ये लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं ते स्मारक टाळून पुढे जाऊ नये.

दुसरा दिवस असेल तर गिरणगावात जा. लालबाग, परळ, लोअर परळ. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली, तिचं उत्पादन १८५६ मध्ये सुरू झालं. मग भोंग्यांवर चालणारी एक अख्खी वस्ती उभी राहिली: तीन पाळ्या, साचेखाते, खानावळी, भजनी मंडळं, तालमी. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव उठलंच नाही. आज फिनिक्स मिलमध्ये मॉल आहे, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेलं. काही धुराडी अजून उभी आहेत, ती शोधत गल्ल्यांतून फिरा. कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा ही एकाच धाग्याची दोन टोकं. दोघांचाही हिशेब चुकता झाला नाही, आणि दोघांची गाठभेटही कधी झाली नाही. एखाद्या चाळीच्या ओट्यावर म्हातारा गिरणी कामगार भेटला तर आपण यवतमाळ जिल्ह्याचे आहोत हे सांगून बघा. गप्पा आपोआप सुरू होतात.

तिथून हार्बर लाइनीवर कॉटन ग्रीन. कुठल्याही पर्यटनाच्या पुस्तकात हे स्टेशन पाहण्याचं ठिकाण म्हणून सापडणार नाही, आणि माझ्या मते आपल्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. कुलाब्याचा कापूसबाजार विसाव्या शतकात इकडे आला. स्टेशनसमोर कॉटन एक्स्चेंजची भलीमोठी इमारत आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन, म्हणजे आजची कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया, तिथं बसते. रुईचा भाव अजून खंडीवर, साधारण ३५६ किलोवर, बोलला जातो. आपण क्विंटलवर कापूस देतो, सरकीसकट. बाजार खंडीवर रुई मोजतो, सरकी वगळून. त्या इमारतीसमोर उभं राहून आपल्या घरच्या पोरासमोर हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. जवळच शिवडीची खाडी आहे. नोव्हेंबरपासून साधारण मेपर्यंत तिथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. भरती-ओहोटीची वेळ बघून जावं. पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला ते लांब दिसतात, मधल्या वेळी काठाजवळ येतात. तिथूनच जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू समुद्रात शिरतो.

चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी दादरमध्येच आणखी एक ठिकाण करावं: हिंदू कॉलनीतलं राजगृह. बाबासाहेबांनी ते पुस्तकांसाठी बांधलेलं घर. आणि जमलं तर परळची बीआयटी चाळ, जिथं ते त्याआधी वर्षानुवर्षं राहिले. ६ डिसेंबरच्या गर्दीत या दोन्ही जागा नीट पाहता येत नाहीत, त्यासाठी एरवीचा दिवस काढावा. रुग्णासोबत आलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ठाऊक असतेच. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या या माणसाचं नाव तिथल्या कितीतरी कुटुंबांना आधार देतं. तीही मुंबईतली बघण्यासारखी, किंवा खरं म्हणजे दोन पैसे टाकण्यासारखी जागा.

उरली दोन लेणी. घारापुरीला गेटवेहून बोटीनं तासभर लागतो. तिथली तीन मुखांची शिवमूर्ती वीस फुटांच्या आसपास आहे आणि तिच्यापुढे माणूस आपोआप गप्प होतो. पण एकच निवडायचं झालं तर मी कान्हेरी निवडीन. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, काळ्या बसाल्टात कोरलेली शंभराहून जास्त लेणी. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्र मिळावं म्हणून ठेवलेल्या कायम ठेवींचे उल्लेखही त्यांत आहेत. कापडाचा आणि या बेटांचा संबंध इतका जुना. पण कास्तकारानं तिथं मूर्तींइतकंच पाणी बघावं. जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ दगडात कोरलेलं टाकं आहे, आणि कड्यावरून वाहणारं पावसाचं पाणी त्यात वळवण्यासाठी हातभर रुंदीचे, कुठे वीतभर, पाट खोदलेत. एक टाकं भरलं की पुढच्याकडे वाट. पाऊस पडत असताना गेलात तर हे सगळं चालू दिसतं. सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात, घारापुरीही बंद असते. त्यामुळे सोमवार कॉटन ग्रीन आणि गिरणगावासाठी ठेवा. कान्हेरीला सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली आणि शिदोरी बरोबर घ्या, आणि माकडांपासून पिशवी सांभाळा.