मोटारीला एरंडेल?

एरंडेल म्हटले की मराठी घरातल्या लहानमोठ्या सर्वांच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो. सकाळची वेळ, आजीच्या हातातला चमचा, दाबून धरलेले नाक आणि वर कोऱ्या चहाचा घोट! पोटात गडबड झाली की घराघरांत हा कार्यक्रम ठरलेला. याच तेलावर एके काळी जगातल्या सर्वांत वेगवान मोटारी धावत होत्या आणि विमाने उडत होती, असे कोणी सांगितले तर ती थट्टाच वाटेल. पण ही थट्टा नव्हे, इतिहास आहे.

या इतिहासाची आठवण आज निघण्याचे कारण असे, की जुन्या मोटारी जपण्याचा शौक आपल्याकडे चांगलाच वाढला आहे. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांत आजोबांची ‘डुक्कर फियाट’, एखादी मॉरिस मायनर किंवा ॲम्बॅसेडर पुन्हा रंगवून, चकचकीत करून रस्त्यावर येऊ लागली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतळावरून 2023 साली निवृत्त झाली. तिचीही गणना आता जपून ठेवण्याच्या वस्तूंत होते. गाडी हाती आली, की शौकिनाच्या कानावर कोठून तरी येते : ‘जुन्या काळी शर्यतीच्या मोटारींत एरंडेल घालीत. इंजिन लोण्यासारखे चालते आणि धुराचा वास असा काही गोड येतो की विचारू नका!’ मग प्रश्न उभा राहतो : आपल्या गाडीला ते का घालू नये? आपल्याच मातीतले, वनस्पतीचे, आयुर्वेदाने गौरविलेले तेल. त्याने अपाय तो काय होणार?

अपाय होतो, आणि तो बराच खर्चात पाडतो. कसा, ते समजण्यासाठी आधी एरंडेलाचा मोठेपणा मान्य केला पाहिजे.

शर्यतीचा राजा

इंजिनातल्या वंगणाचे काम वरवर पाहता सोपे असते. लोखंडावर लोखंड घासू लागले की दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा राहिला पाहिजे. इंजिन तापले, वेग वाढला, दाब चढला की साधे तेल पाण्यासारखे पातळ होते आणि हा पापुद्रा फाटतो. मग धातूला धातू भिडतो आणि दट्ट्या नळकांड्यात जाम होतो.

एरंडेल इथेच वेगळे ठरते. त्यातल्या मेदाम्लांपैकी सुमारे 85 ते 90 टक्के भाग रिसिनोलेइक नावाच्या एकाच आम्लाचा असतो. या आम्लाच्या अणुरचनेत एक जादा ‘हायड्रॉक्सिल’ गट असतो. त्याच्यामुळे तेलाला जाडी येते आणि त्याचा रेणू धातूला बिलगून बसतो. खनिज तेल धातूवरून नुसते वाहते, तर एरंडेल धातूला धरून राहते. कितीही तापवा, पापुद्रा सहसा सुटत नाही.

हा गुण लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने हेरला. 1899 साली सुरू झालेल्या या कंपनीने 1909 मध्ये एरंडेलयुक्त वंगण बाजारात आणले आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून त्याचे ‘कॅस्ट्रॉल’ असे बारसे केले. पुढच्याच वर्षी, 1910 साली, या कंपनीची वंगणे हिंदुस्थानात येऊ लागली. आपल्याकडचे एरंड विलायतेला जावे आणि नाव बदलून डब्यातून परत यावे, ही त्या काळच्या व्यापाराची रीतच होती!

कॅस्ट्रॉलचे ‘आर’ नावाचे तेल शर्यतीच्या मैदानावर इतके रूढ झाले, की इंग्लंडात 1907 साली उघडलेल्या ब्रुकलंड्सच्या धावपट्टीची आठवण सांगणारे आधी त्या जळक्या एरंडेलाच्या वासाची आठवण सांगत.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे तर एरंडेलावाचून पानच हलत नव्हते. नोम आणि ल रोन या फ्रेंच बनावटीच्या इंजिनांत आस स्थिर राही आणि सगळी नळकांडी पंख्यासह गरगर फिरत. पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच वर जाई. तेथे खनिज तेल असते, तर ते पेट्रोलमध्ये विरघळून गेले असते. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून तेच घालावे लागे. वापरलेले तेल परत गोळा होत नसे; धुराबरोबर ते मागे फेकले जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर त्याचा फवारा येई. त्या बिचाऱ्यांच्या पोटावर त्याचा काय परिणाम होई, याच्या हकिकती पुष्कळ सांगितल्या जातात. आपल्या वाचकांना त्या समजावून सांगण्याची गरज नाही.

युद्धात या तेलाची एवढी निकड भासली, की अमेरिकेच्या लष्कराने आशियातून एरंडीचे बी मागवून आपल्या देशात सुमारे 1 लाख एकरांवर लागवड करण्याचा घाट घातला.

ओसाड गावी एरंड बळी

मग हा राजा पदच्युत कसा झाला? आपल्या जुन्या म्हणीतच याचे उत्तर आहे : ओसाड गावी एरंड बळी. त्या काळची खनिज तेले निकृष्ट होती. मोठी झाडे नव्हती तोवर एरंडाचा दिमाख राहिला. पुढे खनिज तेलाचे शुद्धीकरण सुधारले. गंज रोखणारी, काजळी धरून ठेवणारी, झीज कमी करणारी द्रव्ये त्यात मिसळण्याची विद्या आली, आणि रोजच्या वापराच्या मोटारींतून एरंडेल मागे पडले. शर्यतीच्या मैदानावर मात्र ते पुढेही बरीच वर्षे टिकून राहिले. मुलांच्या छंदातली मद्यार्कावर उडणारी लहान विमाने तर आजही इंधनात एरंडेल मिसळून घेतात.

शर्यतीत चालते, मग रस्त्यावर का चालत नाही? याचे कारण तेलापेक्षा गाडीच्या दिनक्रमात आहे.

शर्यतीची मोटार कशी राहते पाहा. शर्यतीपूर्वी ताजे तेल भरायचे, इंजिन चांगले तापवायचे, तास-दोन तास जिवाच्या आकांताने धावायचे, आणि परत आले की तेल काढून टाकायचे. थोड्याच शर्यती झाल्या की इंजिन खोलून, पुसून, सुटे भाग तपासून पुन्हा जोडायचे. तेलाने मागे काय घाण ठेवली, याची चिंता करण्याचे कारणच उरत नाही.

अंजनवेलची मोटार

आता दुसरी मोटार डोळ्यांसमोर आणा. समजा, मुंबईच्या एका कुटुंबाने आपली जुनी फियाट गावच्या घरी, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला नेऊन ठेवली आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोरच्या तीरावर हे गाव. वर गोपाळगडाचा तट, पलीकडे टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह, आणि तिन्ही त्रिकाळ खारा वारा.

या गाडीचा वर्षाचा कार्यक्रम काय? गणपतीत घरची मंडळी आली की धक्का मारून सुरू करायची. गुहागरच्या बाजारापर्यंत जायचे, फार तर धोपाव्याच्या जेटीवरून फेरीबोटीने दाभोळला उतरायचे. दिवाळीत पुन्हा एक फेरी. मे महिन्यात मुलांना समुद्रावर न्यायचे. बाकीचे दिवस पडवीला लागून काढलेल्या छपराखाली ताडपत्री पांघरून उभे राहायचे. त्यातले जून ते सप्टेंबर हे चार महिने कोकणच्या पावसाचे!

या गाडीच्या पोटात एरंडेल भरले, तर ज्या गुणासाठी ते भरले तोच गुण उलटतो. ज्या हायड्रॉक्सिल गटामुळे हे तेल धातूला बिलगते, त्याच गटामुळे ते ओलाव्यालाही जवळ करते. खनिज तेलापेक्षा एरंडेल हवेतले पाणी अधिक शोषून घेते. पाणी मुरले की तेल हळूहळू फुटून आम्ल सुटते, आणि बेअरिंगमधल्या तांब्या-शिशाला ते आम्ल चावू लागते. चार महिने गाडी हललीच नाही, तर हे काम बिनबोभाट चालू राहते.

दुसरा दोष गृहिणींना अधिक लवकर कळेल. तळणीच्या कढईच्या बाहेरच्या अंगाला पिवळा, चिकट, साबणाने न निघणारा थर बसतो ना? तेल पुनःपुन्हा तापले आणि त्याला हवा लागली की ते घट्ट होऊन असा राळेसारखा लेप तयार होतो. इंजिनात एरंडेलाचे हेच होते. दट्ट्याच्या कड्या खाचेत चिकटतात, तेलाच्या बारीक वाटा बुजतात. दर आठवड्याला इंजिन खोलणाऱ्याने तो लेप पुसून काढावा. गणपतीला एकदा बॉनेट उघडणाऱ्याने काय करावे?

आणि तिसरा दोष सर्वांत घातकी. एरंडेल आणि खनिज तेल यांचे जमत नाही. आधीच्या खनिज तेलावर ‘वासापुरते’ एरंडेल ओतले, तर दोन्ही नीट एकजीव होत नाहीत. गाळ आणि गोळे होऊन पंपाच्या जाळीवर बसतात. तेलाचा दाब गेला की इंजिनाचे आयुष्य मिनिटांवर येते. आजोबांनी पै-पै जमवून घेतलेली, सबंध घराच्या आठवणींची गाडी एका हौशी डब्यापायी मोडीत निघावी, हे कोणाला आवडेल?

मग करावे काय?

गाडीच्या हँडबुकात जी जाडी सांगितली असेल तीच पाळावी. आपल्या हवेत अशा बहुतेक जुन्या इंजिनांना चांगल्या प्रतीचे 20डब्ल्यू-50 खनिज तेल मानवते. मात्र नव्या मोटारींसाठी केलेल्या कित्येक तेलांत जस्त-फॉस्फरसाचे झीजरोधक द्रव्य कमी केलेले असते. जुन्या इंजिनांच्या टॅपेटना त्याची गरज असते, म्हणून तेवढे विचारून घ्यावे.

तेल पावसाळ्यानंतर बदलण्याऐवजी पावसाळ्यापूर्वी बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल आधीच साठलेली असते. ती घेऊन चार महिने उभे राहणे बरे नव्हे. मधूनच दोन मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची सवयही सोडावी. त्याने आत नुसती वाफ धरते. चालवायची तर पुरती तापेपर्यंत चालवावी.

जुनी गाडी विकत घेताना धुराला गोडसर जळका वास आला, तर आधीच्या धन्याने एरंडेल वापरले असण्याचा संभव आहे. तेव्हा लगेच वर खनिज तेल ओतू नये. मिस्त्रीकडून खालचा चेंबर उतरवून, आतली सफाई करून मगच तेल बदलावे. एरंडेल रॉकेलने नीट जात नाही, मद्यार्काने विरघळते, हे मिस्त्रीला जरूर सांगावे, आणि स्पिरिट पेटते याचीही आठवण द्यावी.

आणि औषधांच्या दुकानातली बाटली? ती पोटासाठी आहे. शर्यतीचे एरंडेल खास शुद्ध करून, त्यात संरक्षक द्रव्ये घालून तयार करतात. तेसुद्धा ज्याचे इंजिन शर्यतीला उतरते आणि वरचेवर उघडले जाते, त्यानेच वापरावे.

इतके वाचून एरंडाचा कैवार घेणाऱ्यांना वाईट वाटले असेल, तर त्यांच्यासाठी एक आनंदाची गोष्ट आहे. आपल्या खेड्यांत बैलगाडीच्या आसाला एरंडेलात राख कालवून केलेले वंगण घालीत. मोटारीच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये आज जे लिथियम ग्रीस भरतात, त्याला घट्टपणा आणणारा साबण बहुधा एरंडेलापासून मिळणाऱ्या 12-हायड्रॉक्सी स्टिअरिक आम्लाचाच असतो. जेट विमानांच्या आरंभीच्या कृत्रिम वंगणांतही एरंडेलापासून काढलेले सेबॅसिक आम्ल होते. जगातले सर्वाधिक एरंड आजही भारतात, मुख्यतः गुजरातेत, पिकते. म्हणजे बैलगाडीच्या तुंब्यातून निघालेले एरंडेल, रसायनशाळेत रूप पालटून, मोटारीच्या तुंब्यात कधीच जाऊन बसले आहे.

तेव्हा यंदा पाडव्याला मोटार धुऊन तिला झेंडूचा हार घालाल, त्याआधी चाके उतरवून जुने ग्रीस काढा आणि नवे भरून घ्या. एरंडाचा मान त्यात पुरेपूर राखला जाईल. इंजिनात मात्र हँडबुकातलेच तेल असू द्या.