तिथीचा वाढदिवस, तारखेचा वाढदिवस

बाजारपेठेच्या गावातील साठी ओलांडलेल्या व्यापाऱ्यांची आधार कार्डे एकत्र पाहिली, तर त्यांत १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा भेटते. शाळा जूनमध्ये उघडत. मुलाचे नाव घालायला आलेल्या मुनीमजींना जन्मतारीख ठाऊक नसे. मग गुरुजी वयाचा अंदाज घेऊन वर्ष ठरवीत आणि १ जून लिहून मोकळे होत. पुढचे सारे कागद त्याच अंदाजावर उभे राहिले.

घरात मात्र जन्म तिथीने लक्षात राही. खानदेशातील एका धान्यव्यापारी घरातला मुलगा भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा, म्हणजे पर्युषणातील जन्मवाचनाच्या दिवशीचा. पेढीवरच्या जुन्या वहीच्या अखेरच्या पानावर, वसूल न झालेल्या उधारीच्या शेजारीच, आजोबांनी ती तिथी टिपून ठेवली होती. त्या दिवशी पहाटे न्हाऊन तो नवा सदरा घाली. आई निरांजन, सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने त्याला ओवाळी. आजोबा गल्ल्यातून एक रुपया देत आणि तो रोजमेळात त्याच्या नावे लिहीत. वाढदिवस झाला तरी हिशेब चुकता कामा नये! मग उपाश्रयात चौदा स्वप्ने उतरत, पाळणा हलवला जाई, श्रीफळ वधारले जाई आणि सर्वांना प्रभावना वाटली जाई. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत त्या मुलाची ठाम समजूत होती, की हा सारा संघ आपलाच वाढदिवस साजरा करतो. ती समजूत मोडण्याचे धैर्य आईला बरेच दिवस झाले नाही.

शाळेत नेण्यासाठी रावळगावच्या गोळ्यांचा पुडा मिळे. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यातील रावळगावला १९३३ मध्ये साखरेचा व्यवसाय उभा केला आणि पुढे तेथेच गोळ्या तयार होऊ लागल्या. रंगीत कागदातली एक गोळी वर्गमित्राला, दोन गुरुजींना, हा तेव्हाचा अलिखित दर होता.

याच गृहस्थांची कागदोपत्री साठी मुलांनी १ जूनला एका हॉटेलात साजरी केली. सकाळी सातपासून बँक आणि विमा कंपनी यांचे शुभेच्छासंदेश येत होते. केक अर्थातच अंड्याविना होता, पण तो कापला गेला रात्री नऊ वाजता. चौविहार पाळणारी ब्याऐंशी वर्षांची आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात जुळवून बसली होती. सूर्यास्तानंतर तिला पाण्याचा घोटही चालत नव्हता. मेणबत्त्या फुंकल्या गेल्या, तेव्हा तिने मान फिरवली. ज्योत फुंकून विझवू नये, हे तिनेच या मुलाला शिकवले होते. परतताना गाडीत तिने एवढेच विचारले, “आज वाढदिवस कुणाचा होता? माझा लेक तर भादव्यातला.”

तो प्रश्न घरात कित्येक दिवस रेंगाळला. गृहस्थांना आणखीही एक गोष्ट बोचत होती: ठेवीवरचे ज्येष्ठ नागरिकांचे जादा व्याज त्यांना खरी साठी भरण्याआधीच तीन महिने सुरू झाले होते. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता, पण व्यापाऱ्याचे मन असेच असते.

मग नातवाने वहीतली तिथी पंचांगाशी ताडून खरी तारीख काढली. एकोणीस सौर वर्षांत सात अधिक मासांसह २३५ चांद्रमास बसतात. म्हणून वयाच्या १९, ३८, ५७ आणि ७६ व्या वर्षी तिथी व तारीख जवळजवळ एकत्र येतात. सत्तावन्नावे वर्ष नकळत निघून गेले होते. “आता आजोबांच्या शहात्तराव्याला,” असे नातू म्हणाला, तेव्हा पणजीने मनातल्या मनात आपले वय मोजले आणि ती काही बोलली नाही.

त्या भाद्रपदात हॉटेल नव्हते. आईचा उपवास होता, लेकाचे एकाशन. सकाळी तिने कापऱ्या हातांनी तबक धरले. सुनेने खालून आधार दिला. वहीत नातवाने आजोबांच्या नावे एक रुपया लिहिला. दुपारी जन्मवाचन झाले, श्रीफळ वधारले, आणि साठ वर्षांचे ते गृहस्थ लहान मुलांच्या मागे रांगेत प्रभावनेसाठी उभे राहिले. आई बायकांच्या बाजूने त्यांच्याकडेच पाहत होती.